प्रतिसाद: ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि दुसरा मॉनिटर

ऐरोलीच्या धागाकर्त्यांचे दोन प्रश्न आहेत: अँड्रॉइड स्टुडिओत (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा नकली फोन, सुरू केला की सगळं गोठतं, आणि टाइप-सी हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड) मॉनिटर लागत नाही.

आधी हब. स्वस्त लॅपटॉपमधला टाइप-सी पोर्ट बरेचदा फक्त डेटासाठी असतो, त्यातून चित्र बाहेर पडतच नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा मॅन्युअलमध्ये 'ऑल्ट मोड' (टाइप-सीमधून चित्र पाठवण्याची सोय) नसेल तर हब बदलून बहुधा काही होणार नाही. सरळ एचडीएमआय वापरा. डिस्प्लेलिंकवाला अडॅप्टर (साध्या यूएसबी डेटावरून चित्र पाठवणारा) चालतो, पण तो प्रोसेसर खातो, आणि तुमचा लॅपटॉप आधीच गोठतोय. वाशीला किंवा ठाण्याला दुकानात जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून बघा.

एम्युलेटरचा नाद सोडा! फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, मग उघडणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि त्यावरच ॲप चालवा. फोन दिसलाच नाही तर आधी केबल बदला. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर तो मुळात निम्मी रॅम घेऊ शकतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा ३ जीबी ठेवा आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर बदल लागू होत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' २ पैकी १ असं दिसलं, म्हणजे रॅमची एक जागा रिकामी असली, तर बाहेरून जोडायची एसएसडी (वेगवान डिस्क) घेण्याआधी रॅम घ्या. रॅमचा प्रकार डीडीआर४ की डीडीआर५ ते मात्र पाहून. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.