पहाटे वाजणारा गाडीचा अलार्म, नेमकं चुकतंय कुठे

ए-१०२: पार्किंगमधल्या गाडीचा अलार्म काल परत वाजला, पहाटे पावणेचारला. या आठवड्यातली तिसरी वेळ. आईला आधीच झोप लागत नाही, एकदा जाग आली की मग सकाळपर्यंत बसूनच असते. प्लीज ज्यांची असेल त्यांनी काहीतरी करा 🙏

बी-४०३: माझीच गाडी आहे ताई. काकूंना सॉरी सांगा, खरंच खूप वाईट वाटतंय. अलार्म बाहेरून बसवून घेतलाय, दोनच आठवडे झाले. फिटिंगवाल्याकडे दोनदा नेली, दोन्ही वेळा त्याने शॉक सेन्सरचा (गाडीला धक्का बसला की अलार्मला कळवणारा भाग) स्क्रू मागे फिरवून दिला आणि आता नाही वाजणार म्हणाला

सी-२०१: शॉक सेन्सरच असणार. माझ्यात तर तो डॅशबोर्डच्या आत नुसता वायरवर लोंबकळत होता, बाजूने जड गाडी गेली की हलायचा आणि वाजायचा. केबल टायने पक्क्या पट्टीला आवळून बांधला तेव्हा थांबलं. सेटिंग अजून कमी करून बघ

बी-४०३: दादा आता सगळ्यात कमीवर आहे, काचेवर जोरात थाप मारली तरी ढिम्म, तरी पहाटे वाजतोच

डी-५०१: मग शॉक सेन्सरचा नाद सोड. मी आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलंय, माझं ऐक. अलार्म वाजला की सगळे आधी तो स्क्रू पिळतात, त्याने दोष जात नाही, उलट कोणी खरंच काच फोडली तर गाडी गप्प बसते. कोणत्या वायरवरून खोटी खबर जातेय ते आधी शोधायचं. वाजतो कधी कधी ते नीट सांग

बी-४०३: काका दोन प्रकार आहेत. एक म्हणजे कधीकधी लॉक करून चार पावलं गेलो की लगेच वाजतो. दुसरा पहाटेचा, तीन ते पाचच्या मधे. दिवसभर ऑफिसात उन्हात उभी असते तेव्हा एकदाही नाही

डी-५०१: हे दोन वेगळे दोष असणार, एकात एक मिसळू नको. आज रात्री एक कर, सायरनची वायर काढून टोकाला टेप लाव पण अलार्म मात्र रोजच्यासारखा चालू कर. आवाज होणार नाही, सगळे झोपतील, पण युनिट, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, जागंच असतं. सकाळी रिमोटने उघडलंस की डॅशबोर्डवरचा छोटा लाइट किती वेळा लुकलुकतो ते मोज. बऱ्याच युनिटमध्ये त्या संख्येवरून कळतं की दरवाजा, बॉनेट, शॉक यातलं कोण बोललं, आणि कुठल्या संख्येचा अर्थ काय ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. इग्निशन चालू करायच्या आधी मोज, काही युनिट इग्निशन दिलं की विसरतात

ए-१०२: काका हे फार बरं झालं, थँक्यू

बी-४०३ (दुसऱ्या दिवशी): काका चार वेळा लुकलुकला! माझ्या पुस्तिकेत चार म्हणजे बॉनेट किंवा डिकी, दोघांची वायर एकच आहे. पण बॉनेट तर घट्ट बंद होतं

डी-५०१: बंद आहे हे तुला दिसतं, युनिटला फक्त वायर दिसते. बॉनेटखाली एक पिन स्विच बसवलेला असेल. बॉनेट बंद असलं की पिन दाबलेली आणि वायर मोकळी, उघडलं की ती वायर बॉडीला म्हणजे अर्थला टेकते आणि युनिट ओरडतं. याला निगेटिव्ह ट्रिगर म्हणतात. आता त्या स्विचमध्ये दव किंवा पाणी शिरलं की पिन दाबलेली असूनही थोडा करंट बॉडीकडे झिरपतो. पहाटे दव पडतं, उन्हात सुकतं, तुझी वेळ बरोबर जुळतेय. स्विच काढून फोटो टाक. आणि मल्टिमीटर असेल तर युनिटच्या जवळ त्या वायरवर व्होल्ट बघ, बॉनेट बंद ठेवून. आकडा युनिटप्रमाणे वेगळा असतो, कुठे १२ च्या आसपास कुठे ५, पण जो असेल तो हलता कामा नये

बी-४०३: बघितलं. कोरडं असताना ११.९, एकदम स्थिर. मग बायकोने बॉनेटच्या फटीतून बाटलीने थोडं पाणी शिंपडलं आणि मी आत पायाशी वाकून मीटर धरून बसलो, तर आकडा ९ वर आला, मग ७, मग ४.५ आणि इंडिकेटर पेटले!! स्विच बाहेर काढला तर रबराची टोपीच नाहीये, पिनच्या मुळाशी हिरवा गंज, आणि बसवलाय नेमका पाणी वाहून जायच्या पन्हळीत 😡

डी-५०१: मिळाला. नवा स्विच टोपीसकट घे आणि पन्हळीत नको, वरच्या कोरड्या पट्टीवर लाव. जिथे बसेल तिथला रंग खरवडून पत्रा उघडा कर, कारण स्विचचं अर्थिंग त्याच्या बुडातूनच होतं, आणि बसवून झाल्यावर कडेने ग्रीस लाव. पिनची उंची पण बघ, बॉनेट बंद केल्यावर पूर्ण आत गेली पाहिजे. अर्धवट दाबलेली पिन म्हणजे गाडी थरथरली की परत तेच

सी-२०१: आणि लॉक केल्या केल्या वाजतो त्याचं काय काका? माझ्याकडे पण होतं, मी कंटाळून दरवाज्याची वायरच काढून टाकली

डी-५०१: अरे वायर काढलीस म्हणजे दरवाजा उघडला तरी तुझा अलार्म गप्प, ती आधी परत जोडून घे. बऱ्याचदा फिटिंगवाले सोप्यात सोपं म्हणून रूफ लाइटच्या वायरवरून दरवाज्याची खबर घेतात. हल्लीच्या गाड्यांत दरवाजा लावल्यावर तो लाइट लगेच जात नाही, हळूहळू मंद होत जातो. तेवढ्यात अलार्म जागा झाला तर त्याला दरवाजा उघडाच दिसतो. युनिटमध्ये त्यासाठी उशिराची सेटिंग असेल तर ती वापरा, नसेल तर खबर सरळ दरवाज्याच्या स्विचच्या वायरवरून घ्यायची

सी-२०१: मी तेच करून बघितलं होतं, चारही दरवाज्यांच्या वायरी एकत्र पिळल्या, तर एक दरवाजा उघडला की डॅशबोर्डवर चारही उघडे दाखवायला लागले

डी-५०१: कारण मधे डायोड नाहीत, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग. प्रत्येक दरवाज्याच्या वायरला वेगळा डायोड लावायचा, साधा वन एन ४००७ चालतो, पट्टी असलेलं टोक दरवाज्याच्या स्विचकडे आणि दुसरी चारही टोकं एकत्र करून अलार्मकडे. उलटा लावलास तर अलार्मला काहीच कळणार नाही. हे निगेटिव्ह ट्रिगरचं झालं, काही गाड्यांत दरवाजा उघडल्यावर प्लस येतो, तिथे दिशा उलटी, म्हणून आधी मीटरने खात्री करा मग जोडा. टेस्ट लँप लावत बसू नका, आतली इलेक्ट्रॉनिक्स नाजूक असतात. आणि पिवळ्या कव्हरच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना अजिबात हात लावायचा नाही. जोड सोल्डर करा, नुसत्या पिळून टेप मारलेल्या वायरी सहा महिन्यांत सैल होतात. हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं

ई-३०४: माझ्या गाडीत अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे काका, तो फक्त काच थोडी उघडी राहिली की वाजतो

डी-५०१: आत हवा हलली की त्याला माणूस वाटतो वहिनी. काचा पूर्ण बंद करा, आरशाला लटकवलेलं काही असेल तर काढा, एवढंच पुरेल

बी-४०३ (रविवारी): नवा स्विच लावला, पाणी मारून बघितलं, ११.९ वरून हलला नाही. दरवाज्याचं पण केलं, चार डायोड, सी-२०१ वाले दादा दुपारभर टॉर्च धरून बसले होते. शॉक सेन्सर परत मधल्या सेटिंगवर आणला. ताई, आज रात्री सायरन जोडतोय, वाजलाच तर कितीही वाजता सरळ फोन करा, खाली येऊन बंद करतो

ए-१०२ (तीन दिवसांनी): काल रात्री एवढा पाऊस झाला तरी आवाज नाही. आई साडेसहापर्यंत झोपली होती 🙏

डी-५०१: छान. आता गाडी धुतलीस की त्या दिवशी परत एकदा व्होल्ट बघ, प्रेशरचं पाणी टोपीच्या खालून शिरतं