मदत हवी आहे: पांढऱ्या पडलेल्या ॲनिमोनचं विष कसं तपासू?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बबल-टिप ॲनिमोन (शुंडकांनी, म्हणजे लवचिक हातांनी, डंख मारणारा समुद्री प्राणी) पाळलाय. मे महिन्यात टाकीचा चिलर बंद पडला, पाणी ३२ अंशांवर गेलं आणि आठवड्याभरात तपकिरी गडी पांढराफटक! प्रवाळांचं होतं तेच, पेशींतलं सूक्ष्म शेवाळ निघून गेलं. अन्नाचा मोठा वाटा तेच पुरवतं. विष म्हणजे मुख्यतः प्रथिनं, ती बनवायला ऊर्जा लागते. मग डंख बोथट व्हायला हवा ना? पण बोट लावलं तर शुंडकं अजून तस्संच चिकटतं. (हातमोजा घातला नव्हता, सरांना सांगू नका.) की उपाशी आहे म्हणूनच शिकारीसाठी विष राखून ठेवतोय?

त्याला न मारता, सौम्य विजेचा झटका देऊन विष काढायचंय. कुणी केलंय का? झटका किती द्यायचा? आणि एकूण प्रथिन मोजून भागेल, की मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून कोणती प्रथिनं आहेत ते ओळखायची पद्धत) लागेलच?