सायकल, दुचाकी की पायगाडी?

मूळ प्रश्न
भाषांतरात मी 'सायकल' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'दुचाकी' केलं, का तर 'सायकल' मराठी नाही. मजकूर 1817 सालच्या यंत्राबद्दल आहे. 'दुचाकी' वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे स्कूटर येते. बरं, त्या यंत्राला पायडलही नव्हतं, मग त्याला सायकल तरी म्हणावं का? जुन्या लिखाणात 'पायगाडी' भेटतो, तो वापरू का?

प्रतिसाद
त्या यंत्रापुरता 'पायगाडी' अगदी चपखल आहे. कार्ल फॉन ड्राइसने 12 जून 1817 रोजी मानहाइममध्ये ते चालवलं. लाकडी सांगाडा, एकामागे एक दोन चाकं, वर बसायचं आणि पायांनी जमीन मागे रेटत पळायचं. जर्मन नाव 'लाउफमाशीन', म्हणजे धावयंत्र. फ्रेंचांनी लॅटिनमधून 'वेगवान' आणि 'पाय' हे दोन शब्द उचलून 'व्हेलोसिपेद' केलं. पुढे त्याचं शेपूट गळून 'व्हेलो' उरलं आणि पाय नावातूनच गेले! फ्रेंचमध्ये सायकलला आजही व्हेलो म्हणतात.

'बायसिकल' हा शब्द 1860च्या दशकातला, पुढच्या चाकाला पायडल बसल्यानंतरचा. म्हणून 1817ला सायकल म्हणणं थोडं उसनवारीचं होईल, पण 'सायकलची पूर्वज' म्हणायला हरकत नाही.

आता संपादकांचा मुद्दा. 'सायकल' ग्रीक 'किक्लोस'वरून आला, अर्थ वर्तुळ किंवा चाक. संस्कृत 'चक्र' आणि हा किक्लोस एकाच मूळ शब्दाची लेकरं. चक्र, प्राकृतात चक्क, मराठीत चाक. 'बाय' आणि आपला 'द्वि' यांचंही मूळ एकच. म्हणजे 'बायसिकल' आणि 'दुचाकी' हा फरक परका विरुद्ध आपला असा नाहीच, ती चुलत भावंडं आहेत. संपादकांनी मोठ्या तोऱ्यात एक भावंड हाकलून दुसरं आत घेतलं, एवढंच.

प्रतिसाद
वरच्यात भर. पायडल! शुद्धलेखनवाले 'पेडल'चा आग्रह धरतात, पण लोक 'पायडल मारणे'च म्हणतात, कारण त्यांना त्यात पाय ऐकू येतो. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या पायावरूनच आलेला, आणि तो लॅटिन पाय व आपला 'पाद' यांचं मूळ एकच. लोकांनी कानाने केलेली व्युत्पत्ती सहसा चुकते, इथे नेमकी बरोबर निघाली.

प्रतिसाद
कोशात काही असो, वापरात 'दुचाकी' इंजिनवाल्यांनी बळकावला आहे. 'दुचाकी घसरून दोघे जखमी' ही बातमी वाचून सायकल कुणाच्या मनात येते? 'बाइक'चंही तेच. इंग्रजीत तो बायसिकलचाच लघुरूप, मराठीत मात्र मोटरसायकल. टांग मारून बसायची ती सायकल, किक मारायची ती बाइक.

प्रतिसाद
मला 'तारा' या शब्दाबद्दल लिहायचं आहे. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात, सायकलच्या चाकाला तारा. फरक नुसता लाकूड-लोखंडाचा नाही. लाकडी आरा वजन खालून पेलतो, तो दाबला जातो. बारीक तार दाबली तर वाकेल, ती फक्त ओढू शकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवतात आणि चाकाचा आकार टिकतो तो त्या ताणावर. असल्या चाकाला 'आरे' म्हटलं की मला खटकतं.

सायकल उलटी करून चाक फिरवा. रिम एका जागी ब्रेकच्या रबराला खर्र करून घासते ना, तो 'आउट'. रिम डावीकडे घासत असेल तर तिथल्या डाव्या बाजूच्या तारांची निपलं, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकाचे छोटे नट, थोडी सैल करायची, उजवीकडच्यांची आवळायची, पाव-पाव फेराच. याला 'आउट काढणे' म्हणतात. यासाठी कुणी शुद्ध मराठी शब्द घडवू नये, ही विनंती.

प्रतिसाद
ताणलेल्या तारांमुळेच 1870च्या दशकातलं ते अवाढव्य पुढचं चाक हलकं करता आलं. पायडल थेट त्याच चाकाला, एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. वेग हवा तर चाक मोठं करा, पाय पुरतील तितकं. थोरल्या-धाकट्या चाकांवरून त्याला 'पेनी-फार्दिंग' नाव पडलं, दोन लहानमोठ्या इंग्रजी नाण्यांचं. 1885मध्ये जॉन केम्प स्टार्लीच्या 'रोव्हर'ने साखळीने मागचं चाक फिरवलं आणि त्या उंचीची गरज संपली. पण मोजमापात ती उरली आहे. साखळीच्या पुढच्या चकतीला 44 दाते, मागच्या चकतीला 22, चाक 28 इंची, तर गिअर 56 इंच, म्हणजे 56 इंची थेट चाकाइतका. पोलिश भाषेत तर त्या रोव्हरवरून सायकलचंच नाव 'रोव्हेर' पडलं.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. 1817साठी 'पायगाडी', पुढे सगळीकडे 'सायकल' असं करून मजकूर परत पाठवला. संपादकांचा नवा शेरा आला आहे: 'तीनचाकी सायकल' ही वदतोव्याघात आहे म्हणे.

प्रतिसाद
त्यांना सांगा, दोनचा हिशेब 'बाय'मध्ये होता. 'सायकल'मध्ये नुसतं चाक उरलंय, किती ते तुम्ही ठरवा.