शब्दचर्चा: ‘स्पिरिट वीक’ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार

मूल अमेरिकेतल्या हायस्कुलात नववीला दाखल होतं आणि सप्टेंबरात शाळेचा ‘स्पिरिट वीक’चा ईमेल येतो: आठवडाभर रोज एका थीमचे कपडे घालून यायचं, आणि त्याचे पॉइंट इयत्तेला. सोमवारी पायजमा, मंगळवारी जुळी, बुधवारी दशकं, गुरुवारी इयत्तेचा रंग, शुक्रवारी शाळेचे रंग. दुपारी पेप रॅली, रात्री फुटबॉल, शनिवारी डान्स. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या पालकाला यातलं निम्मं कळत नाही. अशा पालकांसाठी इथल्या मराठी मंडळाच्या पुस्तिकेत दोन पानं लिहायची आहेत. ‘स्पिरिट वीक’ला ‘चैतन्य सप्ताह’ असा पर्याय सुचवला गेला आहे, पण तो योगशिबिराचं नाव वाटतो. स्पिरिट, क्लास, पार्टिसिपेशन, पेप रॅली आणि होमकमिंग हे पाच शब्द अडले आहेत. जाणकारांनी मदत करावी.

ओहायोकर

‘चैतन्य’ नको, ‘आत्मा’ तर नकोच. आणि नुसतं ‘स्पिरिट’ लिहिलं तर मराठी माणसाला आधी इंजेक्शनच्या जागी चोळायचा कापसाचा बोळा आठवतो.

‘शालाभिमान’ जवळ जातो, पण अभिमान मनात ठेवता येतो. इथलं स्पिरिट दिसावं आणि ऐकू यावं लागतं. शाळेबद्दल कितीही माया असली आणि मूल रोजच्याच कपड्यांत आलं, तर त्याच्या इयत्तेला पॉइंट शून्य. तेव्हा आतली भावना सांगणाऱ्या शब्दापेक्षा भाग घेण्याची तऱ्हा सांगणारा शब्द शोधायला हवा.

शब्दखुणा

मग तो आपल्याकडे आहेच: हिरीरी. ‘हिरिरीने भाग घेणे’ हा प्रयोग शाळेच्या प्रत्येक अहवालात सापडतो. यात उत्साह आहे, चारचौघांत पुढे होणं आहे आणि थोडा आवाजही आहे. अडचण एवढीच की हा शब्द बहुतेक वेळा ‘हिरिरीने’ या रूपातच चालतो. ‘शाळेची हिरीरी’ कोणी म्हणत नाही, त्यामुळे सप्ताहाच्या नावात तो बसणार नाही. वाक्यात मात्र चपखल बसतो.

इयत्तांमधल्या स्पर्धेसाठी ‘ईर्षा’ वापरा. संस्कृतातली ‘ईर्ष्या’ म्हणजे मत्सर, पण मराठीत ‘संघ ईर्षेने खेळला’ हे कौतुक असतं. ‘ष’ला ‘य’ जोडला की अर्थ बिघडतो, तेवढं मुद्रितशोधनात पाहा.

ओहायोकर

‘हिरिरीने’ला जोरदार अनुमोदन. आता ‘क्लास’, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो.

मराठीत क्लास म्हणजे शिकवणी, आणि वर्ग म्हणजे खोली किंवा तुकडी. इथल्या ‘क्लास कॉम्पिटिशन’मधला क्लास म्हणजे अख्खी इयत्ता, मोठ्या शाळेत एकेका इयत्तेत चारपाचशे मुलं असतात. स्पर्धा नववी, दहावी, अकरावी आणि बारावी अशी चौघांत होते. ‘वर्गांमधील स्पर्धा’ लिहिलंत तर पालक नववी अ विरुद्ध नववी ब समजतील. ‘क्लास ऑफ’च्या पुढे जे साल येतं ते शाळा संपण्याचं, प्रवेशाचं नव्हे. तिथे ‘बॅच’ बरोबर. अकरावीला इथे ‘ज्युनियर’ म्हणतात, त्याचा आपल्या ज्युनियर कॉलेजशी संबंध नाही.

‘पॉइंट’ला ‘गुण’ लिहू नका. गुण म्हटलं की मराठी पालक गुणपत्रिका शोधतो, आणि पायजमा न घातल्यामुळे मुलाचा ग्रेड घसरेल का अशी विचारणा सुरू होते.

तिरकस

‘पेप’ हा ‘पेपर’चा, म्हणजे मिरीचा, तुकडा आहे. त्या अर्थाने ‘झणझणीत सभा’ म्हणायला हरकत नाही!

शब्दखुणा

गंमत सोडा, पण त्यातला ‘रॅली’ हा शब्द खरंच फसवा आहे. मराठीत रॅली रस्त्यावरून निघते: बाईक रॅली, प्रचार रॅली. पेप रॅली कुठेही जात नाही. सगळी शाळा जिमच्या बाकांवर इयत्तावार बसते, मधल्या लाकडी मैदानावर बँड, चीअरलीडर, खेळाडूंची ओळख आणि इयत्तांचे खेळ. ‘जल्लोष सभा’ चालेल, पण पुढे ‘शाळेच्या जिममध्ये’ असं जोडाच.

ओहायोकर

वेळेचंही लिहा. ती दुपारी असली तरी शाळा उशिरा सुटत नाही, प्रत्येक तास थोडा कापतात. सहा तासांतून सहा-सहा मिनिटं काढली की ३६ मिनिटं मिळतात. त्या दिवशीचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून दुपारी डॉक्टरची वेळ घेतली असेल तर मुलाला नेमकं कधी न्यायचं ते शाळेला आधी विचारावं.

रॅलीतली ‘कोणाचा आवाज मोठा’ ही स्पर्धा मोबाइलच्या डेसिबल ॲपने मोजू नये. फोनचा माइक मोठ्या आवाजाला एका मर्यादेपुढे वेगळं ओळखत नाही, त्यामुळे चारही इयत्ता जवळपास सारख्याच दिसतात. शिवाय फोन धरणारा ज्या बाकांजवळ उभा, ती इयत्ता जिंकते. मैदानाच्या मधोमध, चारही बाजूंना सारख्या अंतरावर दोन-तीन परीक्षक उभे करणं त्यापेक्षा बरं. आणि ज्या मुलांना गोंगाट सोसत नाही त्यांच्यासाठी बऱ्याच शाळा लायब्ररी किंवा एखादी शांत खोली उघडी ठेवतात. पालकाने आधी विचारून ठेवावं, ऐन वेळी दारावरचा शिक्षक सोडेलच असं नाही.

अनुस्वार

आणि ‘पार्टिसिपेशन’? ‘सहभाग’ सरळ आहे, पण शाळेच्या पत्रात ‘पार्टिसिपेशन टक्के’ असतात. सहभागाचे टक्के कसे काढतात, हेच पालकांना कळत नाही.

ओहायोकर

इथे मराठीत दोन शब्द वेगळे ठेवावे लागतील. मूल शाळेत आलं ती ‘हजेरी’, आणि थीमप्रमाणे आलं तो ‘सहभाग’. टक्के काढताना भागाकारात हजेरी खाली जाते, सहभाग वर. म्हणजे त्या दिवशी आलेल्यांपैकी थीमप्रमाणे किती आले.

नुसती डोकी मोजली तर मोठी इयत्ता जिंकते. समजा नववीत ५२० मुलं हजर आणि बारावीत ४८०, आणि दोन्हींकडे २४० मुलं पायजम्यात आली. डोकी मोजली तर बरोबरी. टक्के काढले तर बारावी ५०, नववी ४६. म्हणून टक्केच धरायचे. पटावरच्या संख्येने भागणंही चूक, कारण बारावीची बरीच मुलं त्या सुमारास कॉलेज पाहायला गेलेली असतात.

मोजणी कुठे करायची यात खरी मेख आहे. विषयाच्या तासाला मोजली तर केमिस्ट्रीच्या एकाच खोलीत दहावी आणि अकरावी दोन्ही बसलेल्या असतात आणि शिक्षक सगळ्यांचा एकच आकडा देतात. बहुतेक शाळांत होमरूम किंवा ॲडव्हायजरी (हजेरी आणि सूचनांसाठीचा छोटा तास) इयत्तावार असते, तिथे मोजावं. पहिल्या तासाला मोजलं तर बस उशिरा आलेली मुलं सुटतात. शिक्षकाने दोनच आकडे कळवायचे: हजर किती, थीमप्रमाणे किती. नावं मागवली की निम्म्या खोल्यांतून काहीच येत नाही. जेवणाच्या सुट्टीत टेबल मांडून हातावर शिक्का मारण्याची पद्धतही आहे, पण रांगेत उभं राहायला वेळ असलेलीच मुलं त्यात मोजली जातात.

आणखी एक. मोज्यांची वेगळी जोडी घालून आलेलं मूल ‘मिसमॅच डे’ला सहभागी धरायचं की नाही? हे सोमवारच्या आत ठरवून लिहून द्यावं लागतं. नाहीतर शुक्रवारी भांडण ठरलेलं.

शब्दखुणा

थीमच्या दिवसांना ‘वेशभूषा दिन’ किंवा ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणू नये हे ठळक लिहा. फॅन्सी ड्रेस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रंगमंच, भाड्याचा पोशाख आणि चार ओळींचं भाषण येतं. इथे कपाटातलेच कपडे अपेक्षित आहेत. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतले ‘डेज’ याच्या अगदी जवळचे: साडी डे, टाय डे, मिसमॅच डे, ट्रॅडिशनल डे. ‘पायजमा डे’, ‘ट्विन डे’ असंच राहू द्या. पालकाला ‘डे’ समजतो.

‘गॅदरिंग’ किंवा ‘स्नेहसंमेलन’ मात्र लावू नका. तिथे थोडी मुलं मंचावर आणि बाकीची समोर. इथे समोर बसलेल्या गर्दीलाच पॉइंट मिळतात.

तिरकस

‘जनरेशन डे’चा विनोद भाषांतरात मरतो. नववीने बाळं व्हायचं, दहावीने लहान मुलं, अकरावीने मधल्या वयाची माणसं आणि बारावीने म्हातारे, कारण बारावी म्हणजे ‘सीनियर’. ‘सीनियर सिटिझन’ तसंच ठेवलं तरच हसू येईल. ‘ज्येष्ठ नागरिक’ लिहिलं की गेलं.

ओहायोकर

कुठला डे का फसतो, तेही पुस्तिकेत दोन ओळींत यावं. खटाटोप जितका कमी तितका सहभाग जास्त. पायजम्यासाठी आणि शाळेच्या रंगांसाठी काही विकत आणावं लागत नाही, म्हणून सोमवार आणि शुक्रवार भरतात. ‘कॅरेक्टर डे’ला, म्हणजे एखादं पात्र होऊन यायला, तयारी लागते, तो पडतो. ट्विन डेला जोडीने सारखे कपडे घालायचे असतात, तिथे एकटं पडलेलं मूल अडचणीत येतं. म्हणून सूचनेतच ‘दोघं, तिघं किंवा अख्खा गट’ असं लिहितात. ‘दप्तर सोडून काहीही’ हा दिवस मुलांना प्रचंड आवडतो. पुस्तकं कपड्यांच्या टोपलीत, बादलीत, दुकानाच्या ढकलगाडीत येतात. त्या गाड्या जिन्यात आणि दारांत अडकतात, म्हणून बऱ्याच मुख्याध्यापकांनी तो बंद केला आहे.

ड्रेस कोड त्या आठवड्यातही लागू असतो. चेहरा झाकणारे मुखवटे आणि खेळण्यातली हत्यारं चालत नाहीत. आणि दुसऱ्या समाजाचा पोशाख सोंग म्हणून घालण्याच्या थीम आता शाळा नाकारतात. मराठी मुलीने कुठल्याशा थीमला नऊवारी नेसायला हरकत नाही, पण तीच नऊवारी मैत्रिणींना ‘कॉस्च्युम’ म्हणून वाटली तर शाळेतून फोन येऊ शकतो.

अनुस्वार

इयत्तांच्या ‘हॉलवे डेकोरेटिंग’ स्पर्धेला ‘कॉरिडॉरची सजावट’ पुरेल ना?

ओहायोकर

पुरेल. त्यासोबत साहित्याची यादी द्या, पालकांनाच दुकानात पाठवतात. तीन फूट रुंदीच्या कागदाचा मोठा रोल आणि रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी. करडी, कापडी पट्टी नको, ती भिंतीचा रंग उचलते. छताच्या स्प्रिंकलरला काही टांगायचं नाही, बाहेर जाण्याच्या मार्गाची पाटी झाकायची नाही. अग्निनियम जागेनुसार बदलतात, पण स्प्रिंकलर नसलेल्या इमारतीत कॉरिडॉरच्या भिंतीच्या २० टक्क्यांपर्यंत आणि स्प्रिंकलर असेल तर ५० टक्क्यांपर्यंतच कागद, अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी लागते. मजला ते छत भिंत झाकणारी इयत्ता रात्रभर राबते आणि सकाळी निम्मी सजावट उतरवते.

होमकमिंगच्या मिरवणुकीतल्या ‘फ्लोट’ला मात्र आपला नेमका शब्द आहे: चित्ररथ.

तिरकस

‘होमकमिंग’ला ‘माहेरपण’ म्हणा की!

शब्दखुणा

कल्पना सुंदर, पण माहेरपणाला मुलगी जाते. इथे सगळी बॅच येते. मुळात हा माजी विद्यार्थ्यांना सामन्यासाठी घरी बोलावण्याचा सोहळा आहे. मिसुरी विद्यापीठात १९११ मध्ये क्रीडा संचालक चेस्टर ब्रूअर यांनी कॅन्ससविरुद्धच्या सामन्यासाठी असं आमंत्रण दिलं. बेलर विद्यापीठ १९०९ चा आणि इलिनॉय विद्यापीठ १९१० चा दाखला देऊन पहिलेपणाचा मान आपल्याकडे ओढतात. हायस्कुलांत आता माजी विद्यार्थी नावापुरते उरले आणि आठवडा शिकत्या मुलांचा झाला. त्यामुळे ‘माजी विद्यार्थी मेळावा’ लिहिलंत तर पालकाला वाटेल की हा आपल्या मुलाचा कार्यक्रमच नव्हे. ‘होमकमिंग’ तसाच ठेवून एका वाक्यात उलगडा करा.

तिरकस

मग ‘होको प्रपोजल’चाही (होको म्हणजे होमकमिंग) उलगडा करा, नाहीतर घराघरांत रामायण होईल. ‘त्याने मला प्रपोज केलं’ हे मराठी आईच्या कानाला वेगळं ऐकू येतं. इथे ते शनिवारच्या डान्सला बरोबर येतेस का, एवढंच. हातात पुठ्ठ्याचा फलक, त्यावर कसलीतरी शाब्दिक कोटी, फोटो, संपलं. मैत्रिणी-मैत्रिणी किंवा मोठा गट मिळूनही जातात.

टेक्सासातल्या पालकांसाठी ‘मम’ हवा. तो शब्द शेवंतीच्या इंग्रजी नावाचं शेपूट आहे. पूर्वी खरी शेवंती लावत, आता कापडी फूल आणि त्याखाली घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या फिती, घुंगरं, नावं, लहानशी अस्वलं. मुलगी गळ्यातून अडकवते, मुलगा दंडावर बांधतो. ‘शेवंतीचा गजरा’ लिहू नका, आकाराची कल्पनाच येणार नाही.

अनुस्वार

सर्वांचे आभार. पहिला मसुदा असा:

“स्पिरिट वीक म्हणजे होमकमिंगच्या सामन्याआधीचे शाळेचे पाच दिवस. रोज एक ‘डे’ असतो. घरातलेच कपडे पुरतात. मुलं आपल्या इयत्तेसाठी हिरिरीने भाग घेतात. पॉइंट इयत्तेला मिळतात, मुलाच्या ग्रेडशी त्यांचा संबंध नसतो. सहभाग ऐच्छिक असतो.”

शब्दखुणा

‘ऐच्छिक’ बदला. शाळेच्या संदर्भात ऐच्छिक म्हणजे यादीतून निवडायचा विषय, आणि पालक विचारतील की पाचांपैकी कुठला डे निवडायचा. ‘भाग घेण्याची सक्ती नाही’ एवढं पुरे.

ओहायोकर

आणि ‘घरातलेच कपडे पुरतात’नंतर शुक्रवारचं एक वाक्य टाका. शाळेच्या रंगाचा छापील टी-शर्ट हवा असेल तर बहुधा दोन-तीन आठवडे आधी मागणी नोंदवावी लागते, त्या आठवड्यात मधली मापं संपलेली असतात. त्याच रंगाचा साधा टी-शर्टही सहभागात धरतात.