क्रँकला हात लावण्याआधी हेड स्टेडी (सिलिंडर हेड फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी) बघा

तुमची जुनी बुलेट ताशी 55-60 किमीच्या आसपास थरथरते, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर दोघांनी "क्रँकचं (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याचं) बॅलन्सिंग गेलंय, इंजिन उतरवा" असं सुचवलंय. इतकी घाई नको. जुन्या बुलेटचं 346 सीसीचं एकच सिलिंडर, 90 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. ती थोडी थरथरणारच. पण तुमची थरथर फक्त 55-60 च्या आसपास येते आणि पुढे विरते, म्हणजे पहिला संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या-बोल्टांवर. तिसऱ्या गिअरमध्ये चालवून बघा. त्याच वेगाला आली तर चाक, टायर. कमी वेगालाच सुरू झाली तर इंजिन किंवा त्याची पकड.

माझ्या गाडीला अगदी हेच होतं. सगळे नट घट्ट, पण सिलिंडर हेडपासून फ्रेमला जाणाऱ्या पट्टीच्या बोल्टभोवती तांबूस, पिठासारखी पूड दिसली. लोखंडावर लोखंड घासत असल्याची ती खूण. पट्टी मूळची नव्हती, आधी कुणीतरी पातळ पत्र्याची करून बसवलेली. काढल्यावर रंगाखाली नखाला लागेल अशी चीर निघाली. नवी बसवताना फट राहिली तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, मापाचा वॉशर घाला. नाहीतर ताणाने तीही तिथेच चिरते.