'धोकादायक रुग्ण' की 'हिंसेची जोखीम'?

विचारणा : न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांविषयी रत्नागिरीतील परिचारकांसाठी मी मराठी टिपण लिहीत आहे. 'धोकादायक रुग्ण' आणि 'हिंसेची जोखीम असलेला रुग्ण' यांपैकी कोणता प्रयोग योग्य ठरेल? उपाययोजनेला 'नियंत्रण' म्हणावे का?

उत्तर : 'धोकादायक' कृपया टाळावा. हे विशेषण माणसाला एकदा चिकटले की सुटत नाही. जोखीम मात्र वाढते आणि उतरते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तो त्या वेळच्या हवामानासाठी, समुद्राचा स्वभाव सांगण्यासाठी नव्हे. एचसीआर-२० या हिंसेची जोखीम तपासण्याच्या मूल्यमापन पद्धतीतील २० घटकांपैकी १० पूर्वायुष्याचे असले, तरी ५ सध्याच्या अवस्थेचे आणि ५ पुढील परिस्थितीचे आहेत. शिवाय तिथे गुणांची बेरीज करून निकाल द्यायचा नसतो, तर हिंसा कोणावर, कोणत्या प्रसंगी आणि किती लवकर होऊ शकेल, हे मांडायचे असते. नोंदवहीत 'रुग्ण धोकादायक, लक्ष ठेवावे' असे लिहिल्याने रात्रपाळीच्या माणसाला काहीच कळत नाही. त्याऐवजी 'दोन दिवस गोळी थुंकतो, झोप नाही, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण जेवणात विष कालवतो असे म्हणतो, जेवणाच्या वेळी जोखीम अधिक' असे लिहिले, तर दोघांची पाने लांब मांडता येतात, आणि डॉक्टरांना औषधाविषयी वेळीच कळवता येते.

पुरवणी : वरील मताशी मी सहमत आहे. 'नियंत्रण' म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोरखंड येतो, म्हणून मी 'जोखीम हाताळणे' सुचवीन. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार रुग्णाला एकांतकोठडीत ठेवता येत नाही, आणि तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, बांधून ठेवता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून कधीच नाही. 'जोखीम' शब्दाला सांभाळायला दिलेल्या मोलाच्या ऐवजाचाही जुना अर्थ आहे, आणि तो मला इथे फार मोलाचा वाटतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात, उलट पुष्कळदा तीच मार खातात, हेही टिपणात स्पष्ट लिहावे. घरी पाठवण्याच्या प्रकरणात 'जोखीम कमी' एवढ्यावर थांबू नये. गावी घरात कोण आहे, भावकीतला जमिनीचा वाद मिटला का, गोळ्या कोण देणार आणि पुढच्या तपासणीला तालुक्याला कोण आणणार, हे त्याच वाक्याला जोडून लिहावे.