काळा मसाला, मिरची आणि रेड वाईन

मराठवाड्याच्या काळ्या मसाल्याच्या जेवणापुढे रेड वाईन टिकत नाही, असे जे म्हटले जाते, ते मला अर्धेच पटते. खरी अडचण मिरचीची आहे. वाईनमधले अल्कोहोल मिरचीची आग वाढवते आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाईनमध्ये उतरणाऱ्या घटकाचा, तुरटपणा तिखटासोबत अधिकच कडक लागतो. म्हणून भाकरी-ठेच्याबरोबर कॅबरने सोव्हिन्याँ ही टॅनिनने भरलेली रेड वाईन घेतली तर दोन्हींची चव बिघडणारच. मटणाचे मात्र वेगळे आहे, कारण टॅनिन प्रथिनांना चिकटते आणि तीच वाईन तोंडात मवाळ होते.

छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा, मला यासाठी फार योग्य वाटतो. त्यावरचा तवंग, गरम मसाल्याचा दरवळ आणि मऊ शिजलेले मांस यांच्याशी नाशिकची शिराझ ही रेड वाईन छान जुळते, कारण शिराझच्या द्राक्षातच काळ्या मिरीची आठवण करून देणारा गंध असतो. घोट घेण्याआधी पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंगाची कड जरूर पाहावी. जांभळट कड वाईन कोवळी असल्याचे सांगते, विटकरी कड मुरलेली असल्याचे.

आता तापमानाचा विषय. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्याकडे पारा चाळिशीपार गेलेला असताना तो पाळला, तर फळांचा गंध हरवून नुसते अल्कोहोल नाकात शिरते. १६ ते १८ अंश सेल्सिअस पुरेसे आहे आणि त्यासाठी उन्हाळ्यात बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही.